आबांची फक्की आणि माझं लेबल

फक्कीवाले आबा माणसाला नमस्कार करण्याआधी घोड्याच्या पोटाला कान लावायचे. समोर कोण उभं आहे याची त्यांना पर्वा नसे. फेरी मारायला आलेलं घाईतलं जोडपं असो, हवालदार असो की घोड्याचा मालक, आबा आधी डोक्यावरची टोपी काढून बगलेत धरायचे, शेवटच्या बरगडीच्या मागे कुशीला कान टेकवायचे आणि डोळे मिटायचे. एक बाजू झाली की घोड्याच्या तोंडाकडून वळसा घालून दुसरी बाजू. मग डोळे उघडून म्हणायचे, "गिरणी चालू हाय." त्यानंतर माणसांशी बोलणं सुरू.

गिरणी म्हणजे घोड्याचं आतडं. ते सतत गुरगुरत, खळखळत राहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "माणसाची गिरणी रातीला बंद ऱ्हाती. घोड्याची बंद पडली की समजायचं, मालकानं आता जेवू नये, धावावं." हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की लोणावळ्याच्या पॉइंटवर पर्यटकांना फिरवणारे घोडेवाले त्यांच्या पाठीमागे एकमेकांच्या पोटाला कान लावून हसायचे. आणि स्वतःचा घोडा जरा मलूल दिसला की हसणं सोडून सगळ्यात आधी आबांकडेच पळायचे.

मुक्ता, मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, "आजी, तुझ्या त्या आबांच्या पावडरची रेसिपी पाठव ना, आमच्या रायडिंग क्लबच्या मॅडमना हवी आहे." मी विषय बदलला आणि तुला वाटलं, आजीला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. कृती मी पाठवणार नाही. त्याऐवजी आबांबद्दल लिहून पाठवते आहे. ईशान, तूही वाच. तू पाच वर्षांचा असताना ज्या घोडीवरून उतरायला तयार नव्हतास, ती आबांचीच शेवंती. हे मी रागात लिहिलं आहे, तेही आधीच सांगते. राग तुमच्यावर नाही.

आबा लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याचे. उंचीने बेताचे, पाय जरा बाकलेले, आवाज मात्र नागफणीच्या कड्यावर आपटून परत येईल असा. तरुणपणी ते मुंबईच्या एका व्यापारी कुटुंबाच्या लोणावळ्यातल्या बंगल्यावर मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची सगळी निगा त्यांच्याकडे. पुढे त्या कुटुंबाने बंगला विकला, घोडे विकले. एक लंगडणारी घोडी कुणी घेईना, ती आबांकडे राहिली. "तुमच्या गळ्यात पडली म्हणा," असं मी एकदा म्हटलं तर केवढ्याने चिडले. "गळ्यात न्हाई बाई, पदरात. गळ्यात पडत्यात ते पावणे." त्या लंगड्या घोडीची लेक शेवंती. तांबूस रंगाची, कपाळावर वाटीएवढा पांढरा ठिपका. तिच्यावर त्यांनी पंधराएक वर्षं पर्यटकांना फिरवलं आणि घर चालवलं.

मी लोणावळ्यात शाळेत इंग्रजी शिकवलं. निम्म्या घोडेवाल्यांची मुलं माझ्या हाताखालून गेली, म्हणून मी सगळ्यांची 'बाई'. आबा दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे यायचे. पिशवीत विम्याचा, बँकेचा, वीज मंडळाचा जो काही इंग्रजी कागद आलेला असेल तो असायचा. मी वाचून दाखवायची, ते चहा प्यायचे. स्वयंपाकघरातल्या माझ्या बरण्यांवर नावांच्या चिठ्ठ्या बघून त्यांना फार गंमत वाटायची. "बाई, तुमच्या घरात मीठबी पाटी लावून बसतंय." तुमचे आजोबा यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. नीटनेटकेपणा हा गुण आहे असं मी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं.

आता फक्कीबद्दल. ती वाळवलेल्या पाल्याची आणि बियांची भरड. पुदिना, ओवा, बाळंतशेप, कधी हिरडा, आणि मुरुडशेंग. मुरुडशेंग म्हणजे दोरीला पीळ द्यावा तशी दिसणारी रानातली शेंग. तुमच्या आईचं तान्हेपणी पोट दुखलं की मी तीच उगाळून चाटवायची. आबा हे सगळं घराच्या माळ्यावर, कौलांखाली सावलीत वाळवायचे. जुड्या उलट्या टांगलेल्या, शेंगा सुपात पसरलेल्या. खाली उभं राहिलं तरी वासाने नाक मोकळं व्हायचं. एकदा मी गच्चीत चादरीवर पुदिना वाळत घातला आणि कौतुकाने त्यांना दाखवला. त्यांनी एक पान चोळून हुंगलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात कॉपी करणाऱ्याकडे बघायची. "उनात घातलं? ऊन पानातलं पानीबी नेतंय आन् वासबी नेतंय. आता ह्ये घोड्याला नगं. सायबांच्या चटणीत घाला, त्यांना कळायचं न्हाई."

माळ्यावर तयार फक्की कधीच नसे. प्रत्येक घोड्याची ती वेगळी व्हायची आणि त्या त्या वेळी व्हायची. आधी पोटाला कान. मग सकाळची लीद काठीने फोडून बघणं, कोरडी आहे का, अख्खा दाणा दिसतो का, वास कसला येतो. मग जे हवं ते तळहातावर चुरगळून घोड्याच्या नाकासमोर धरायचं. नाकपुड्या फुलवून तो ओठांनी चाचपू लागला तर ओल्या कोंड्यात कालवून द्यायची. मान फिरवली तर त्या दिवशी नाही. यावरून पॉइंटवरच्या बबनशी त्यांची ठरलेली वादावादी.

"आबा, औषध काय इचारून देत्यात व्हय?"

"तुझी बायको कारलं करताना तुला इचारती का?"

"न्हाई इचारत."

"म्हून तर तू रोज टपरीवर जेवतुस. घोड्याला टपरी न्हाई, बाबा. त्याला हितंच इचारावं लागतंय."

पर्यटकांवर त्यांचा जो राग होता तो बघायला लोक थांबायचे. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, माणसं खाली उतरतात आणि हातात जे असेल ते घोड्याच्या तोंडात कोंबतात. वडापाव, वेफर, मक्याची अख्खी कणसं. एकदा एक गृहस्थ शेवंतीला चिक्की भरवत होते आणि त्यांची बायको मोबाइलवर ते टिपत होती. आबा तिथे गेले. हातात कडब्याची पेंढी.

"सायेब, त्वांड उघडा."

"काय?"

"उघडा की. कडबा घालतो."

"अहो काका, मी कशाला कडबा खाऊ?"

"मंग ती कशाला तुमची चिक्की खाईल?"

"प्रेमाने देतोय हो. बिचारी किती भुकेली दिसते."

"तिचं त्वांडच हाय तसं. तुमचं बगा, तुमीबी तसंच दिसताय. म्हून मी काय भरवाया आलो का? आलो, पर तुमी खाईना."

गृहस्थांची बायको हसत सुटली आणि ते गाडीत जाऊन बसले. आबा मात्र हसले नव्हते. ते शेवंतीच्या तोंडात हात घालून चिक्कीचा चिकटलेला तुकडा काढत होते.

कारण घोड्याला उलटी होत नाही. हे मला त्यांनी सांगितलं. माणसाला, कुत्र्याला नको ते बाहेर टाकता येतं, घोड्याला येत नाही. आत गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे, नाहीतर तिथेच अडून राहतं, फुगतं, आतड्याला पीळ बसतो. त्यामुळे फक्कीबद्दलचा त्यांचा मुख्य नियम फक्की देण्याचा नव्हताच, न देण्याचा होता. फक्की धडधाकट घोड्याला द्यायची, पचन चांगलं राहावं म्हणून, ऋतू बदलताना, चारा बदलताना. घोड्याने तोबरा टाकला, म्हणजे खाणं सोडलं, तो पाय आपटायला लागला, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागला, तर फक्कीला हात लावायचा नाही. तोंडात काहीच घालायचं नाही. कान लावायचा, हळूहळू फिरवायचा आणि डॉक्टरला बोलवायचं. "घोडं खात न्हाई म्हंजे त्याला भूक न्हाई असं न्हाई, बाई. ते काय तरी सांगतंय. त्याला भुकेची फक्की घातली की त्याचं बोलणं दाबलं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकलं. विसाव्या वेळी तर लिहूनही घेतलं. आणि तरीही पुढचं सगळं घडलं.

आबांचे गुडघे गेले. पॉइंटवर दिवसभर घोडीबरोबर चालणं जमेना. मुलगा चाकणला कारखान्यात, त्याला घोड्यात रस नाही. शेवंतीला कुणाकडे द्यायचं हा त्यांना घोर लागला होता. तेवढ्यात जवळच्या एका नव्या रिसॉर्टने पाहुण्यांसाठी घोडे ठेवायचं ठरवलं. मॅनेजर स्वतः कुरवंड्याला आला. पक्का तबेला, पंखे, पाण्याच्या टाक्या, घोडी शांत हवी, पाहुण्यांची मुलं बसतील. आबा दोनदा जाऊन तबेला बघून आले. जमिनीचा उतार बघितला, गव्हाणीची उंची हाताने मोजली. तिसऱ्या खेपेला हो म्हणाले, पण एका अटीवर. शेवंतीला फक्की चालू राहील आणि ती ते सांगतील तशीच दिली जाईल.

मॅनेजरला ही अट फारच आवडली. पण त्याचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. म्हणाला, "आबा, आपण छान काचेच्या बरण्यांत ठेवू. तबेल्यात शेल्फवर. गेस्टना पण बघायला आवडतं, नॅचरल, ट्रॅडिशनल. फक्त वर इंग्लिशमध्ये लेबल पाहिजे." आबा म्हणाले, "इंग्लिशचं आमच्या बाई करत्यात."

तयार भरड करून बरणीत भरणं त्यांना मनातून पसंत नव्हतं. त्यांनी ते फक्त शेवंतीसाठी केलं. तिच्या पोटाची त्यांना इतक्या वर्षांची ओळख होती, म्हणून तिच्या एकटीची फक्की ते डोळे मिटून करू शकत होते. उरलेलं सगळं, म्हणजे ती कधी द्यायची आणि कधी नाही, ते लेबलावर यायचं होतं. दोन गुरुवार ते माझ्यासमोर बसून सांगत होते आणि मी लिहून घेत होते. त्यांचं सांगणं सरळ नसे. मध्येच बंगल्यावरचा एखादा घोडा यायचा, त्याचं दुखणं यायचं, ते कुणामुळे झालं ते यायचं, त्या माणसाला शिव्या यायच्या. मी विचारलं, "आबा, थोडक्यात सांगा, एका वेळेला किती द्यायची?" "मूठभर." "दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा?" "तसं तीनदाबी देतो आमी, पर ते घोडं बगून. कान लावून. गिरणी..." "बरं, तीन वेळा," मी म्हटलं आणि लिहिलं.

माझ्याकडे सात पानं झाली. मॅनेजर म्हणाला, "मॅम, चार ओळी. पाचवी ओळ कुणी वाचत नाही." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. सात पानांचा मुद्देसूद सारांश करणं हे मी चाळीस वर्षं शिकवलं होतं. पोटाला कान लावण्याचं वाक्य मी सर्वांत आधी काढलं, कारण इंग्रजीत ते अडाणीपणाचं दिसत होतं. चार ओळी अशा झाल्या, मराठीत सांगते: घोड्यांसाठी निसर्गातील वाळवलेल्या वनस्पती. पचनासाठी आणि भूक वाढवण्यासाठी. घोडा खात नसल्यास एक मूठ, दिवसातून तीन वेळा. कोरड्या जागी ठेवावे.

तिसरी ओळ पुन्हा वाचा. व्याकरण चोख आहे. फक्त आबांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते मी करा म्हणून लिहिलं होतं, आणि ते मला कळलंही नव्हतं. भूक वाढवणारं औषध म्हटल्यावर ते न खाणाऱ्याला द्यायचं, हे मी माझ्या मनाने धरून चालले. सात पानं पुन्हा उघडून बघायची मला गरज वाटली नाही.

लेबल छापून आलं तेव्हा आबांनी त्यावरून अंगठा फिरवला. "येवढंच?"

"मुख्य ते सगळं आलं आहे, आबा."

"मंग ठीक. तुमी शिकलेल्या." आणि चहा प्यायले.

चार महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, आबा फाटकातून आत आले तेच मुळी ओरडत. "बाई, गाडी काढा." रिसॉर्टवरच्या मोतद्दाराने मॅनेजरला न सांगता त्यांना फोन केला होता. शेवंती सकाळपासून खात नव्हती. तुमच्या आजोबांनी गाडी काढली, मी मागे बसले. रविवारची दुपार. रस्त्यावर गाड्यांची न हलणारी रांग, काचा खाली करून गाणी लावलेली, मध्येच उतरून फोटो काढणारी माणसं. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. शेवटचा अर्धा किलोमीटर ते गाडीतून उतरून त्या गुडघ्यांनी धावत गेले. आम्ही गाडी कडेला लावून मागून गेलो.

शेवंती आडवी झाली होती. अंग घामाने काळं पडलेलं. मान उचलून कुशीकडे बघायची आणि पुन्हा टाकायची. गव्हाणीत मैद्याचे पाव आणि मक्याची कणसं होती. पाहुण्यांनी घोड्यांना भरवावं म्हणून रिसॉर्टने तबेल्याच्या दाराशी टोपलीच ठेवली होती, तिच्यावर रिबीन बांधलेली. आबा जमिनीवर पालथे पडले आणि त्यांनी कान लावला. बराच वेळ. मग उठून मॅनेजरला विचारलं, "डाक्टर?"

"येतायत."

"कवा बोलावलं?"

"आत्ता. दहा मिनिटं झाली."

"आन् सकाळपास्नं काय केलं?"

"आबा, आम्ही काही चुकीचं केलेलं नाही," मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, तो घाबरला होता. "सकाळी सातला तिनं खाणं सोडलं. आम्ही तुमचीच पावडर दिली. अकराला परत दिली. दोनला तोंड उघडत नव्हती, तर गूळपाण्यात बाटलीनं पाजली. लेबलप्रमाणे. हे बघा." आणि त्याने शेल्फवरची बरणी काढून आबांच्या समोर धरली.

आबांनी बरणी घेतली आणि माझ्याकडे केली. "वाचा."

"आबा, नंतर वाचू."

"आत्ता वाचा. मराठीत."

मी वाचलं. चार ओळी वाचायला किती वेळ लागतो? ते डोळे मिटून ऐकत होते.

"गिरणीचं कुटं हाय?"

"नाही लिहिलं."

"डाक्टरचं?"

"नाही."

"खात न्हाई तर देऊ नगा, म्हनलं हुतं ना मी? का न्हवतं म्हनलं?"

"म्हणाला होतात."

"मंग ह्ये कुनाचं हाय?"

"माझं," मी म्हटलं.

त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली नाही. शेवंतीच्या डोक्यापाशी जाऊन बसले. डॉक्टर आले, त्यांनी स्टेथोस्कोप काढला आणि आबांनी जिथे कान लावला होता नेमका तिथेच लावला. मी चार ओळींत बसवताना जे अडाणी म्हणून काढलं होतं, ते पदवीधर डॉक्टर नळीने ऐकत होते. इंजेक्शनं दिली, नाकातून नळी घातली. दिवस मावळायच्या आत शेवंती गेली. आतड्याला पीळ बसला होता. डॉक्टर हात धुताना मला म्हणाले, "फक्कीनं नाही मेली ती. फक्कीच्या भरवशावर सात तास घालवले, त्यानं मेली. सकाळी बोलावलं असतं तर कदाचित वाचली असती."

दोन दिवसांत सगळ्या लोणावळ्यात झालं, म्हाताऱ्याच्या पावडरीने घोडी मेली. रिसॉर्टच्या लोकांनी तसं सांगितलं, आणि ते सांगणं त्यांना सोयीचं होतं. टोपलीबद्दल कुणी बोललं नाही. ती रिबिनीसकट नाहीशी झाली. ज्या घोडेवाल्यांचे घोडे आबांनी वर्षानुवर्षं सांभाळले, त्यांनी, घोडा बघून आबांनी बांधून दिलेल्या, घरात उरलेल्या पुड्या गटारात टाकल्या. बबनने टाकल्या. त्याची दोन शिंगरं आबांमुळे जगली होती.

आणि मी काय केलं? मी पत्र लिहिलं. रिसॉर्टच्या मालकांना, इंग्रजीत, मुद्द्यांना आकडे घालून. लेबलाची चूक माझी आहे, सबब संबंधित गृहस्थांना दोष देऊ नये, वगैरे. आठवड्याने दोन ओळींचं उत्तर आलं: आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. त्या आठवड्यात आबांच्या अंगणासमोरून जाताना लोक मान वळवत होते आणि मी माझ्या पत्राची प्रत फाइलला लावत होते. त्या आठवड्याचा मला अजून संताप आहे. मॅनेजरपेक्षा जास्त, रिसॉर्टपेक्षा जास्त. ज्यांनी आबांना वाळीत टाकल्यासारखं केलं, त्यातला एकही जण ते पत्र वाचणार नव्हता. हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. पण त्या लोकांसमोर उभं राहून बोलायची मला लाज वाटत होती. पत्राची लाज वाटत नाही.

पुढच्या शनिवारी मी पॉइंटवर गेले. सकाळी, गाड्या यायच्या आधी, सगळे घोडे उभे असताना. तुमचे आजोबा म्हणाले मी येतो, त्यांना घरीच ठेवलं. मी म्हटलं, "सगळे इकडे या." माझा वर्गातला आवाज अजून आहे. आले. मी सांगितलं की आबांनी सात पानं सांगितली होती, आजारी घोड्याला फक्की देऊ नका असं सांगितलं होतं, मी चार ओळी केल्या आणि उलटं लिहिलं. मॅनेजरने माझं वाचलं, आबांचं नाही.

मग बबन म्हणाला, "बाई, तुमी माझ्या पोराला एका चुकीसाठी शंभर येळा लिवाया लावलं हुतं."

"हो."

"मंग आता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मला शिक्षा काय द्यायची ते आबा ठरवतील. तुम्हाला आबांचं नाव खराब करायचा अधिकार नाही. आजपासून कुणी बोललं तर माझं नाव घ्या. पूर्ण नाव." त्याने मान खाली घातली. त्याला त्याच्या दोन शिंगरांची आठवण मी करून दिली नाही. त्याची त्यालाच झाली असावी, कारण संध्याकाळी तो कुरवंड्याला आबांच्या घरी जाऊन आला.

आबांनी त्याला चहा दिला. फक्की दिली नाही. त्यानंतर आठ-दहा जण गेले, माफी मागून आले, घोड्याला काही द्या म्हणाले. आबांचं उत्तर एकच. "घोडं घेऊन या, कान लावतो. पुडी मिळायची न्हाई." लोकांना पुडीच हवी होती. तीन-चार घोडे आले, पुढे तेही बंद झाले. माळ्यावरच्या जुड्या त्यांनी खाली काढल्या आणि शेवंतीला पुरलं होतं त्या जागेवर नेऊन टाकल्या. पुन्हा काही वाळवलं नाही.

मला भेटायला ते कधी आले नाहीत. गुरुवार रिकामे जाऊ लागले. वीज मंडळाचे कागद त्यांची सून घेऊन यायची. शेवटी मीच गेले. आबा ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी सुनेला हाक मारली, बाईंना पाट दे म्हणाले. मी बसले. मी सात पानं बरोबर नेली होती. म्हटलं, "आबा, ही मी पुन्हा लिहून काढली आहेत, मराठीत, एक शब्द न गाळता. बघता का?"

"मला कुटं वाचाया येतंय?"

"मी वाचते."

"नगं."

रस्त्यावरून कुणाचा तरी घोडा गेला आणि त्यांनी टापांचा आवाज दूर जाईपर्यंत मान वळवून ऐकला.

"आबा," मी म्हटलं, "तुमचा राग अजून गेला नाही ना?"

"न्हाई गेला." ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "आन् तो जावा असं तुमीबी नगा म्हनू. माझा राग गेला, की तुमी परत थोडक्यात लिवाल."

त्या हिवाळ्यात ते गेले. त्यांची सून मला म्हणाली, "बाई, शेवटपर्यंत तुमच्यावर..." आणि मला वाईट वाटेल म्हणून तिथेच थांबली. मी तिला म्हटलं, "पुरं वाक्य बोल." तिने पुरं केलं. ते माझ्यापाशी आहे.

मुक्ता, तुझ्या मॅडमना सांग, आजीने मोठं पत्र पाठवलंय, चार ओळींत सांगता येत नाही. ईशान, तूही मधली पानं गाळू नकोस. फार लांबलं असेल. बसून वाचा.